वाळूचा समुद्र आणि जुनी मोटार

'वाळवंट' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते चंद्रभागेचे वाळवंट. तिथे टाळ-मृदंग आहेत, फुगड्या आहेत, पताकांची दाटी आहे, आणि मुख्य म्हणजे चार पावलांवर नदीचे पाणी आहे. आमच्या संतांनी हा शब्द वापरला तो नदीकाठच्या वाळूसाठी. तेव्हा वाळवंट म्हणजे माणसांनी फुललेली जागा, अशी खूणगाठ आपल्या मनात कुठेतरी बसलेली असते. भूगोलाच्या पुस्तकात सहारा शिकताना म्हणूनच आपली जरा फसगत होते. शब्द तोच, पण तिथे ना विठ्ठल, ना वारकरी, ना पाणी.

ह्या सहाराच्या ईशान्य कोपऱ्यात, इजिप्त आणि लिबिया ह्यांच्या सरहद्दीवर, एक वाळूचा समुद्र पसरलेला आहे. नकाशावर त्याचे नावच मुळी 'ग्रेट सँड सी' असे आहे. क्षेत्रफळ सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाव हिस्सा! त्यात उत्तर-दक्षिण दिशेने वाळूच्या टेकड्यांच्या रांगांमागून रांगा धावतात आणि त्यांतल्या कित्येक शंभर मीटरांहून उंच आहेत. उंटांचे तांडेही ह्या समुद्राला वळसा घालून जात. अशा ठिकाणी एखाद्याने शहरात वापरायची मोटार घेऊन जायचे म्हटले, तर त्याला आपण काय म्हणू? घरचे लोक तर सरळ वैद्याकडेच नेतील.

हल्ली आपल्याकडे उंच बांध्याच्या, रुंद चाकांच्या मोटारींचे पेव फुटले आहे. त्या पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर खड्डे चुकवीत फिरतात, आणि पाचसात वर्षांनी, दीडदोन लाख किलोमीटर धावून, जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊन उभ्या राहतात. अशी एखादी स्वस्तात मिळालेली म्हातारी मोटार घ्यावी, तिची डागडुजी करावी आणि वाळवंटात हाकून आणावी, ही हौस जगभर आहे. दुबई-मस्कतला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मंडळींच्या सुट्ट्यांतही वाळूची सहल आता सरावाची झाली आहे. पण हौस निराळी आणि विद्या निराळी. जुनी मोटार वाळवंटात कशी न्यावी ह्या विद्येला एक इतिहास आहे, आणि तो मोठा रंजक आहे. त्यात भंगाराचे दुकान आहे, भौतिकशास्त्र आहे, आणि माणसांचे जीवही आहेत.

ह्या विद्येचे थोर आचार्य म्हणजे राल्फ बॅग्नोल्ड. जन्म १८९६ चा, पेशाने ब्रिटिश सैन्यातला इंजिनियर अधिकारी. १९२६ साली त्याची नेमणूक कैरोला झाली. सुट्टीच्या दिवशी बाकीचे अधिकारी पोलो खेळत. हा आणि ह्याचे काही मित्र फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारी घेऊन वाळवंटात शिरत. ही मॉडेल टी म्हणजे गरिबांची मोटार. १९०८ पासून १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक मोटारी बनल्या. २० अश्वशक्तीचे एंजिन, हलके अंग आणि कुठल्याही खेड्यातल्या लोहाराला कळेल अशी रचना. पुढे त्यांनी 'मॉडेल ए' वापरली. मोहिमांचा खर्च बराचसा ही मंडळी स्वतःच्या पगारातून करीत, तेव्हा चैनीला जागा नव्हती. १९२९, १९३० आणि १९३२ साली त्यांनी ज्या मोठ्या मोहिमा काढल्या, त्यांत वाळूचा तो समुद्र मोटारींनी ओलांडला गेला. तोवर ही गोष्ट अशक्य समजली जात असे.

आता ह्या मंडळींनी मोटारीचे केले काय? वाचकांना वाटेल, काही नवी यंत्रे बसवली असतील. त्यांचे पहिले काम अगदी उलट होते. त्यांनी मोटारीच्या अंगावरचे दागिने उतरवले. टप काढला, काच काढली, मडगार्डे काढली, मूळचा सांगाडा काढून चासिसवर साध्या लाकडी पेट्या बसवल्या. वाळूत प्रत्येक शेर वजन भोवते. शोभेचे शेरभर लोखंड कमी केले की तेवढेच पाणी किंवा पेट्रोल जास्त नेता येते, हा त्यांचा हिशेब. मग त्या उरलेल्या ओझ्यासाठी कमानींना जादा पाटे चढवले, कारण खडकाळ पठारावर पहिल्याने तुटते ती कमान. लांबच्या प्रवासाला निघताना आपल्या आजीने गाठोडे तीनतीनदा सोडून पाहावे आणि प्रत्येक वेळी काहीतरी बाहेर काढावे, तसाच हा प्रकार!

दुसरा प्रश्न पाण्याचा. माणसाच्या नव्हे, मोटारीच्या. वाळूत मोटार खालच्या गिअरमध्ये, जोरात एंजिन फिरवीत, पण हळू चालते. त्यातून वारा पाठीमागून मोटारीच्याच वेगाने येत असला, तर रेडिएटरला हवा लागतच नाही. पाणी उकळते आणि वाफ होऊन जाते. शहरात आपण पंपावर थांबून पाणी भरतो. वाळवंटात तेच पाणी माणसांच्या तोंडचे असते. ह्यावर तोडगा इतका साधा होता की ऐकून हसू यावे. रेडिएटरची जादा वाफ बाहेर सोडणारी जी नळी असते, ती त्यांनी मोटारीच्या बाजूला बांधलेल्या एका डब्यात सोडली. डबा थंड पाण्याने अर्धा भरलेला. वाफ त्या पाण्यात शिरे आणि थंड होऊन पाणीच होई. डबाही उकळू लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि मिनिटभर थांबायचे. रेडिएटर निवला की आत पोकळी होते, आणि गटगट आवाज करीत डब्यातले सगळे पाणी पुन्हा आपल्या जागी परत! पाण्याचा थेंब वाया जात नसे. ही कल्पना पहिल्या महायुद्धात ह्याच वाळवंटात फिरणाऱ्या हलक्या मोटारींच्या पथकांनीही वापरली होती. आजच्या प्रत्येक मोटारीत बॉनेटखाली जी प्लास्टिकची पाण्याची बाटली दिसते, ती ह्याच डब्याची वारसदार समजायला हरकत नाही.

इतके करूनही गाडी रुतायची ती रुततेच. नदीच्या वाळूत बैलगाडी रुतलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. गाडीवान आधी ओझे उतरवतो, चाकापुढची वाळू हाताने उपसतो आणि मग चाकाखाली फांद्या-पाचोळा किंवा घोंगडे घालतो. बॅग्नोल्डने हेच केले, फक्त घोंगड्याच्या जागी लोखंड घातले. कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे त्याला पोलादी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालण्यासाठी त्या बनवल्या होत्या. युद्ध संपले, पन्हळी भंगारात गेल्या. ह्या पठ्ठ्याने त्या मागच्या चाकांपुढे खुपसून पाहिल्या, आणि रुतलेली मोटार त्यांवरून सुखाने बाहेर आली. आज ह्याच कामासाठी रंगीत प्लास्टिकच्या जाड पट्ट्या दुकानात भारी किमतीला मिळतात. मूळ पुरुष मात्र भंगारातला!

आता थोडे शास्त्र. चाक वाळूत का रुतते? वजन थोड्या जागेवर पडते म्हणून. दोन टनांची मोटार घ्या. प्रत्येक चाकावर सुमारे ५०० किलोंचा भार. टायरात ३५ पौंड हवा असली, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक चाक जमिनीला टेकते ते जेमतेम दीड पोस्टकार्डाएवढ्या जागेवर. हवा १५ पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि तीच जागा साडेतीन-चार पोस्टकार्डांएवढी होते. एवढ्यानेच निम्मी लढाई जिंकली जाते. उंटाचा पाय पाहा: रुंद, मऊ, दाबल्यावर पसरणारा. निसर्गाने हा हिशेब आधीच करून ठेवला आहे. मात्र डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरलीच पाहिजे. नाही तर मऊ टायर तापून फुटतो. म्हणून हवा मोजायचे यंत्र आणि हवा भरायचा पंप ह्यांवाचून वाळूत पाऊल टाकू नये.

पण बॅग्नोल्डची खरी कमाई ह्याच्याही पुढची आहे. त्याच्या ध्यानात आले की वाळूची टेकडी सगळीकडे सारखी नसते. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला कण ठोकून ठोकून बसवल्यासारखे घट्ट होतात आणि चढण सौम्य असते. पलीकडच्या बाजूला वाळू नुसती घरंगळून पडलेली असते. ती भुसभुशीत, आणि तिचा उतार ३२-३४ अंशांचा. त्याहून उभी कोरडी वाळू राहूच शकत नाही. घट्ट बाजू ओळखायची आणि न बिचकता वेगाने चढायचे, की मोटार पाळण्यातून वर जावे तशी अलगद टेकडीच्या माथ्याशी जाते. बिचकून वेग कमी केला की तिथेच रुतते. माथ्यावर मात्र थांबून पलीकडे पाहिले पाहिजे, कारण त्या बाजूला कडा आहे की उतार हे खालून कळत नाही. उताराला तिरके जाणे किंवा तिथे एकाएकी वळणे तर साफ वर्ज्य. मोटार कुशीवर कलंडते. सुट्टीतली ही हौस पुढे शास्त्र बनली. निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर बॅग्नोल्डने लाकडी बोगद्यात कृत्रिम वारा सोडून वाळूचे कण कसे उड्या मारीत पुढे जातात ते मोजले. त्यावरचे 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' हे त्याचे पुस्तक १९४१ साली निघाले आणि आजही त्या विषयाचा अभ्यास त्याच्यावाचून पुरा होत नाही. १९४४ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला.

वाट शोधण्याचेही असेच. साधे होकायंत्र मोटारीतल्या लोखंडामुळे भलतीकडे पाहते. ते वापरायचे तर दर वेळी उतरून मोटारीपासून दूर जावे लागे. ह्यावर उपाय म्हणून त्याने सूर्याचे होकायंत्र वापरले. आडवी गोल तबकडी, तिच्यावर ३६० अंशांच्या खुणा, मध्ये उभी सुई. सुईची सावली पाहायची आणि वेळेप्रमाणे तबकडी फिरवायची. चालती गाडी थांबवायला नको. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन आपण नकाशावर कुठे आहोत ते ठरवायचे. आज खिशातल्या फोनवर हे सगळे दिसते खरे. पण वाळवंटात बॅटरी संपते आणि सूर्य संपत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही सारी रिकामटेकड्यांची करमणूक. तसे ते नव्हते, हे दोन प्रसंगांवरून कळेल.

१९३१ च्या जानेवारीत इटालियन सैन्याने लिबियातले कुफ्रा हे मरुद्यान जिंकून घेतले. तिथले रहिवासी, बायकामुलांसह, जीव मुठीत धरून वाळवंटात पळाले. इजिप्तमधले दाख्ला हे मरुद्यान शेकडो मैल दूर. वाटेत पाणी नाही म्हटले तरी चालेल. कित्येक तहानेने वाटेतच मेले; काही मात्र कल्पनेपलीकडची मजल मारून दाख्ल्याला पोचले. त्या सुमारास इजिप्त सरकारच्या भूमापन खात्यातला पॅट क्लेटन नावाचा अधिकारी मोटारी घेऊन तिकडे नकाशाचे काम करीत होता. त्याने मोजणी बाजूला ठेवली आणि आपल्या मोटारींनी ह्या निर्वासितांना शोधून शोधून बाहेर काढले. दागिने उतरवलेल्या, कमानी बळकट केलेल्या मोटारीची किंमत त्या दिवशी कोणी विचारली असती, तर त्या आईबापांनी काय सांगितले असते?

दुसरा प्रसंग महायुद्धातला. १९४० च्या उन्हाळ्यात इटली युद्धात उतरली आणि इजिप्तची पश्चिम सरहद्द उघडी पडली. बॅग्नोल्ड तेव्हा योगायोगाने पुन्हा कैरोत होता. सेनापती वेव्हेल ह्यांनी त्याची योजना उचलून धरली, आणि अवघ्या सहा आठवड्यांत वाळवंटात खोलवर फिरणारे पथक उभे राहिले. तेच पुढे 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' म्हणून गाजले. गाड्या कुठून आणायच्या? काही शेव्हरोलेट ट्रक विक्रेत्याकडून घेतले, काही चक्क इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणले. त्यांची छते आणि दारे कापून टाकली, कमानींना पाटे चढवले, पाण्याचे डबे जोडले, पोलादी पन्हळी बाजूला टांगल्या. पूर्वीच्या सुट्टीतल्या सगळ्या युक्त्या एकदम कामी आल्या. माणशी पाणी दिवसाला ६ पाइंट, म्हणजे साडेतीन लिटरांहून थोडे कमी. त्यातच सगळे भागवायचे.

त्या पथकाच्या एका तुकडीवर ३१ जानेवारी १९४१ रोजी कुफ्र्याच्या दक्षिणेला, जेबेल शरीफ येथे, हल्ला झाला. तुकडीचा प्रमुख होता तोच पॅट क्लेटन; तो पकडला गेला. गाड्या जळाल्या. चार माणसे खडकांत लपून राहिली, आणि त्यांच्याजवळ उरला पाण्याचा एक डबा, दोन गॅलनसुद्धा न भरणारा, त्यालाही गोळीचे भोक! ते भोक बुजवून रोनाल्ड मूर नावाचा न्यूझीलंडचा शिपाई आणि त्याचे साथी शत्रूला शरण न जाता दक्षिणेकडे चालू लागले. मूर पायात जखम घेऊन दहा दिवस दोनशेहून अधिक मैल चालला आणि सापडला तेव्हाही तो चालतच होता. चौघांपैकी एक जण सापडल्यावर मरण पावला. वाळवंटात मोटार गेली म्हणजे काय जाते, हे ह्याहून स्पष्ट कोण सांगणार?

म्हणून आज जो कोणी जुनी लँड क्रूझर किंवा निसान पेट्रोल घेऊन वाळूत जायचे म्हणतो, त्याने आधी खर्चाचा क्रम लावून घ्यावा. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. पहिल्याने छतावर दिव्यांची माळ लागते, मग लोखंडी पिंजरा, मग त्यावर सामान. आणि गाडीचा डोलारा वर चढून ती कलंडायला मोकळी होते. जुन्या गाडीचा पहिला रुपया पाण्याच्या वाटेवर खर्चावा: रेडिएटर, त्याच्या रबरी नळ्या, पंप, पट्टा, झाकण. दहा वर्षांची रबरी नळी गावात आणखी दोन वर्षे चालेल, वाळूत दुपारपर्यंत चालेल. दुसरा रुपया हवेच्या चाळणीवर. धुळीचा बारीक कण एंजिनात शिरला की पिस्टनच्या कड्या झिजवतो. तिसरा रुपया टायरांवर, आणि चौथा कमानींवर, शॉकॲब्सॉर्बरांवर, पुढच्या-मागच्या ओढायच्या कड्यांवर. फावडे, दोर, दोन पट्ट्या, पंप हे सामान आत, खाली आणि हाताशी. दिव्यांची माळ उरलेल्या पैशांत; उरले तर! घेताना मीटरवरच्या आकड्यावर फार विसंबू नये. विकणाऱ्याच्या हातात जादू असते आणि आकडे मागेही फिरतात. पेडलांचे झिजलेले रबर आणि ड्रायव्हरची बसलेली गादी मात्र सहसा खोटे बोलत नाहीत.

आणि ह्या सगळ्याच्या आधीचा नियम: वाळूत एकटी मोटार कधी न्यायची नाही. दोन हव्यात. कुठे जातो आणि कधी परतणार ते मागे कोणाला तरी सांगून जावे. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नये. शोधणाऱ्याला माणसापेक्षा मोटार लवकर दिसते, आणि तिची सावली असते. मूरची गोष्ट शौर्याची आहे, अनुकरणाची नव्हे. त्याची गाडी जळून गेली होती.

बॅग्नोल्ड १९९० साली, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन वारला. पण त्याची विद्या पृथ्वीवर थांबली नाही. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या समजून घेताना शास्त्रज्ञांना त्याचेच गणित लागते. २०१५ च्या अखेरीस 'क्युरिऑसिटी' ही गाडी मंगळावरच्या ज्या टेकड्यांशी पोचली, त्यांना 'बॅग्नोल्ड ड्यून्स' हेच नाव दिले आहे. त्याआधीची 'स्पिरिट' नावाची गाडी २००४ साली मंगळावर उतरली, ती नव्वद दिवसांच्या कामासाठी. ती पाच वर्षांहून अधिक काळ फिरली. २००६ साली तिचे एक चाक निकामी झाले, तरी ते चाक फरफटत, उलटी चालत, ती काम करीत राहिली. अशी ती म्हातारी मोटार २००९ साली मऊ वाळूत रुतली. पृथ्वीवरच्या हुशार माणसांनी महिनोन्‌महिने उपाय केले. मार्च २०१० नंतर तिचा निरोप आला नाही.

तिच्याजवळ सगळी यंत्रे होती. नव्हता फक्त शेजारी उभा राहून चाकापुढची वाळू उपसणारा आणि पोलादी पन्हळ खुपसणारा माणूस. जुनी मोटार वाळवंटात न्यायची असेल, तर दुसऱ्या मोटारीत तो बसलेला आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.